बहिणीचा आवाज

भिगवणच्या अलीकडं आमच्या गावाला दगडाची खाण आहे. आबा तिथं क्रशरवर कामाला होते. मी बारावीला असताना सिनेमावाली मंडळी गावात आली. खाणीच्या वस्तीत वयात येणाऱ्या एका मुलीची गोष्ट त्यांना करायची होती. शाळेतल्या पोरी बघून त्यांनी माझी धाकटी बहीण निवडली. ती नववीत होती.

उन्हाळाभर शूटिंग चाललं. एका प्रसंगात सुरुंग उडतो, बाप सापडत नाही, आणि मुलगी हाका मारत खाणीत धावते. बहीण अशी काही ओरडली की कामावरच्या बायांनी पदर तोंडाला लावला. आबा तर हातातलं टाकून पळत आले.

"मी हाय की गं हितं!" म्हणत त्यांनी तिला पोटाशी धरलं. सगळे हसले. तीही डोळे पुसत हसली.

पुढं सिनेमा बारामतीला लागला. आम्ही घरचे सगळे गेलो. पडद्यावर ती दिसताच आईनं माझा हात दाबला. मग पडद्यावरच्या बहिणीनं तोंड उघडलं. आवाज भलत्याच मुलीचा होता, गोड आणि शहरातला. खाणीतल्या हाकासुद्धा त्याच मुलीच्या.

"ही आपली पोर न्हाय," आई मोठ्यानं म्हणाली. मागं कुणीतरी हसलं. बहीण शेवटपर्यंत हलली नाही.

दुसऱ्या दिवशी मी दिग्दर्शकाला फोन लावला. बहीण शेजारीच होती, म्हणून स्पीकर चालू ठेवला.

"तिचं बोलणं बाहेरच्यांना कळलं नसतं," तो समजुतीनं म्हणाला. "चेहरा तिचाच आहे ना?"

त्यानंतर ती घरात पुस्तकी बोलू लागली. अडखळत, शब्द जुळवत.

"आमच्याशी तरी नीट बोल गं," आई काकुळतीला यायची. मग ती तेवढंही बोलेना. वर्गात धडा वाचायला उभं केलं, तर नुसती उभी राहायची. दहावीनंतर शाळा सुटली. डॉक्टर झाले, देवऋषी झाले. घशात काही दोष नाही, एवढंच कळलं. आबा तिच्यासमोर बसून रडले, तरी ती बोलली नाही.

आता तिचं सासर लासुर्ण्याला आहे. फोन तिचा नवराच उचलतो. मी म्हणते, तिला द्या.

"बरी हाईस का?"

"हं."

मग मीच बोलत बसते. आईचे गुडघे, उसाची तोड, माझी पोरं. पलीकडनं तिनं फोन कधी ठेवला, ते मला कळतही नाही.