आठव्या बाहुलीचा चेहरा

त्या बाईंना सगळी इमारत कवळीबाई म्हणायची, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे, खुद्द बाईंनाही नाही. दातांच्या लॅबमध्ये एकतीस वर्षं कवळ्या करणाऱ्या बाईला दुसरं काय म्हणणार? मेण तापवायचं, एकेक दात त्यात बसवायचा, हिरडीला किंचित गुलाबी, किंचित जांभळट छटा द्यायची. बाईंचं म्हणणं असं, की सगळे दात एका रांगेत सारखे बसवले की कवळी लांबूनच ओळखू येते. एखादा जरासा तिरका बसवावा, मग माणूस स्वतःच्या दातांनी हसल्यासारखा हसतो. हे ऐकून लॅबचे मालक कपाळाला हात लावायचे. पण गिऱ्हाइकं बाईंच्याच हातची कवळी मागायची, त्यामुळे बिचारे गप्प बसत.

अशा बाईंच्या घरी खिडकीसमोर काचेचं कपाट होतं आणि त्यात सात बाहुल्या होत्या. लहान मुलींच्या खेळातल्या नव्हेत हं. हातभर उंचीच्या, रेझिनच्या, कोपर-गुडघे-मनगटं सगळीकडे गोल सांधे आणि आतून ताणलेलं इलॅस्टिक. बसवाल तशा बसतात. डोळे काचेचे, केस वेगळे मिळतात, आणि चेहरा येतो तो कोरा. भुवया नाहीत, पापण्या नाहीत, ओठांना रंग नाही. तो ज्याचा त्यानं रंगवायचा, अगदी पातळ हातानं, थरावर थर देत. चार-पाच वर्षांनी एखादी बाहुली यायची. सात व्हायला बाईंची अर्धी हयात गेली.

दुपारी उन्हं कपाटावर आली की ते रेझिन आतून उजळायचं. बाई कामावरून येऊन चपलासुद्धा न काढता समोरच्या खुर्चीत बसायच्या. भिंतीवरचं घड्याळ चालू असायचं, पण वेळ मात्र दुसरीकडेच कुठं तरी गेलेला असायचा. सातही जणी बघत असायच्या, बाईंकडे नव्हे, बाईंच्या जरा मागे. तिथं काय आहे ते वळून बघायचं बाईंनी कधी धाडस केलं नाही. नुसतं बसून राहिलं की त्यांना वाटायचं, आपण पाण्याखाली आहोत आणि तरी श्वास चाललाय. रोजची पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यावर त्यांचा दिवस निघायचा.

आणि नेमकी अशा वेळी दारावरची बेल वाजायची.

"अरे वा! अ‍ॅनिमे!" नळवाला हातातला पाना विसरून म्हणायचा. "माझी पोरगी बघते. यातली ही कुठल्यातली?" विम्याचा माणूस म्हणायचा, "जपानी कार्टूनच्या ना या?" आणि बाईंची चुलत जाऊ, जिला कधी कुणाचं काही बरं दिसलं नाही, ती नाक मुरडून म्हणाली होती, "या वयात कार्टूनचं वेड? कमाल आहे बाई तुझी!"

आता बाईंचं त्या कार्टूनशी काही वाकडं होतं का? मुळीच नाही. ज्याला बघायचंय त्यानं बघावं की. पण समजा तुम्ही स्वतःचं लेकरू कडेवर घेऊन दारात उभे आहात, आणि येणारा-जाणारा विचारतोय, "हे कुठल्या सिनेमातलं हो?" एकदा विचारलं तर हसून सोडून द्याल. शंभरदा विचारलं तर? बाईंच्या डोक्यात तिडीक जायची. मोठे डोळे दिसले की या लोकांचं बघणंच संपतं, असं त्यांना वाटायचं. त्या सात जणी कुठल्याच गोष्टीतून आल्या नव्हत्या, हेच तर त्यांचं सगळं होतं, आणि ते कुणाला समजावून सांगायचं म्हटलं की बाईंची जीभ टाळूला चिकटायची.

हे दुःख ओळखणारी माणसं गावात चारच होती. महिन्यातून एकदा, शिंप्याचं दुकान बंद असेल त्या दिवशी, बाहुल्या बाळगणारे पाच जण त्याच्या दुकानात जमत: शिंपी स्वतः, एक नर्स, गणिताचे निवृत्त मास्तर, गाड्या दुरुस्त करणारा एक धिप्पाड मेकॅनिक आणि आपल्या बाई. कापडाच्या ठाणांमध्ये बाहुल्या ओळीनं बसायच्या आणि माणसं स्टुलांवर. नर्स म्हणायची, "मी तर सरळ हो म्हणते. हो, कार्टूनच्या आहेत. पाच मिनिटांत सुटका!" त्यावर शिंपी कळवळायचा, "अगं, पण ती तिथं बसून ऐकतेय ना!" मास्तरांचं मत वेगळं. ते म्हणायचे, लोकांना उत्तर नको असतं, खण हवा असतो. वस्तू एकदा खणात टाकली की पुन्हा बघायला नको. मेकॅनिक आपल्या बाहुलीच्या मोज्याची सुरकुती नीट करत बसायचा.

त्यांच्यात एक रीत होती. कुणी कोरी बाहुली आणली तर 'ही कोण' असं विचारायचं नाही. चेहरा सुचायला महिना लागो नाहीतर वर्ष. फार तर "आली का?" एवढंच विचारायचं, आणि समोरचा "नाही अजून" म्हणाला की माना डोलवून चहा प्यायचा.

बाईंची आठवी अकरा महिने कोरी होती. चंदेरी केस बसवले होते, करडे काचेचे डोळे बसवले होते, पण चेहरा येईना. म्हणजे यायचा, पण थांबायचा नाही. पहाटेच्या अर्धवट झोपेत अगदी जवळ यायचा. कधी बसच्या काचेत बाहेरच्या झाडांवरून सरकत जायचा, कधी तापलेल्या मेणाच्या वासात. बाई हातातलं काम ठेवून डोळे मिटायच्या तोवर गेलेला असायचा. घाई करून चालत नाही, हे त्यांना माहीत होतं. पण या वेळी घाई होती.

कारण बाईंचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी सुळा कोरताना सुरी निसटली. मग टेबलाला कोपर टेकवल्याशिवाय काम होईना. बाई एकट्याच डॉक्टरांकडे जाऊन आल्या. डॉक्टर म्हणाले, घाबरण्यासारखं काही नाही, पण हे वाढत जाईल. बारीक काम असेल तर लवकर उरकून घ्या. बाईंनी ते लॅबमध्ये सांगितलं नाही, शिंप्याच्या दुकानात नाही, घरी तर नाहीच. आठवी ही त्यांच्या हातून होणारी शेवटची, एवढं मात्र त्यांनी मनाशी पक्कं ओळखलं आणि त्या रोज तिच्यासमोर बसायला लागल्या.

घरी होते ते बाईंचे यजमान, म्हणजे पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवण्यात चाळीस वर्षं काढलेला माणूस. यंत्रावर छापलेल्या पाट्या आल्या तशी कामं आटली, आणि आता ते बहुतेक वेळ बाल्कनीत कानात इअरफोनची बोंडं घालून मोबाइल बघत. बाईंना वाटायचं, बातम्या बघतात. बाहुल्यांबद्दल त्यांनी कधी चकार शब्द काढला नव्हता, चांगला नाही की वाईट नाही. तेहेतीस वर्षांचा संसार, आणि त्या कपाटासमोरून हा माणूस चोरपावलांनी जायचा.

मग एका दुपारी बाई घरी आल्या तर पेंटर दारातच उभे. चेहरा नुसता फुललेला.

"आधी डोळे मीट," ते म्हणाले. "हं, आता उघड."

त्यांच्या हातात आठवी होती. डोळ्यांभोवती जाड काळी कड, इतकी की डोळे दुप्पट झालेले. करड्या काचेवर पांढरे तीन-तीन ठिपके, चमक म्हणून. निळ्या भुवया. गालांवर तीन-तीन तिरप्या गुलाबी रेघा. आणि हे सगळं दुकानाच्या पाटीला लावतात त्या ऑइल पेंटमध्ये! काम म्हणाल तर बिनचूक, एक रेघ हललेली नव्हती.

"ओळखलंस?" पेंटर म्हणाले. "ती तलवारवाली गं, चंदेरी केसांची. शेवटच्या भागात मरते बिचारी. मी रडलो."

"कुठल्या भागात?" बाईंना काही कळेना.

"अगं, अ‍ॅनिमेत! नळवाल्यानं सांगितलं मला, तुझ्या सगळ्या त्यातल्याच आहेत म्हणून. तीन महिने झाले, बाल्कनीत बसून तेच बघतोय. त्या सात जणींपैकी एक सापडेल तर शपथ! ही तेवढी सापडली."

बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "तुम्हीसुद्धा?" त्या ओरडल्या. "नळवाल्याचं मी समजू शकते, तो नळ दुरुस्त करून निघून जातो. तुम्ही तेहेतीस वर्षं या घरात राहता! मला विचारायला तोंड नव्हतं तुम्हाला?"

"तू सांगितलं असतंस?"

बाई आणखीच चिडल्या. "अकरा महिने मी हिची वाट बघतेय. अकरा महिने! आणि माझ्या हातून होणारी ही शेवटची..." इथं बाईंनी जीभ चावली.

"माहीत आहे," पेंटर म्हणाले.

"काय माहीत आहे?"

"हात." पेंटरांनी बाहुली टेबलावर ठेवली. "कप तू आता दोन्ही हातांनी धरतेस. ब्लाउजचे हूक लावायला दार लोटून घेतेस. अगं, हात धड आहे की नाही हे बघण्यातच माझा जन्म गेलाय. म्हटलं, एक दिवस तू ब्रश उचलशील आणि तुला कळेल. त्यापेक्षा ती रंगवलेलीच असली, तर ब्रश उचलायलाच नको. पण नुसती कशी रंगवू? तुझ्या त्या कशातल्या आहेत, ते तरी माहीत हवं ना. म्हणून बघत बसलो."

बाई खुर्चीत बसल्या. राग गेला असं नाही. एवढा सहज राग जायला त्या काही संत नव्हत्या. पण रागाच्या शेजारी आणखी काहीतरी दाटीवाटीनं येऊन बसलं.

रंग काढायला नऊ दिवस लागले. काडीला कापूस गुंडाळायचा, टर्पेंटाइनचा एक थेंब, आणि तांदळाएवढी जागा पुसायची. जोर लावला तर रेझिन खराब व्हायचं. पुसलं ते पेंटरांनी, कारण बाईंच्या हाताचा भरवसा नव्हता. दुकानं बदलतात, मालक बदलतात; आधीच्याचं नाव पुसणं हे पेंटरचं निम्मं कामच. बाई शेजारी बसून कापूस गुंडाळून द्यायच्या. घरात टर्पेंटाइनचा वास आणि तिरपं ऊन यांची अशी काही गुंगी भरून राहिली होती, की बाईंना कधी कधी वाटायचं, आपण तिघंही कुठल्या तरी जुन्या दुपारी बसलोय आणि ही दुपार संपायचं काही कारण नाही.

दहाव्या दिवशी बाईंनी ब्रश उचलला. भुवईचा एक केस काढला. तो गांडुळासारखा वळवळत गेला. पुसला. दुसरा काढला, तोही तसाच. तिसऱ्यांदा त्यांनी ब्रश टेकवलाच नाही. खाली ठेवला आणि पेंटरांकडे सरकवला.

"तुम्ही काढा."

पेंटरांनी ब्रश उचलला आणि चष्मा पुसला. "मजकूर सांग."

पाटीवाल्याची ही पद्धतच. गिऱ्हाइकानं चिठ्ठीवर मजकूर लिहून दिल्याशिवाय पेंटरांनी आयुष्यात कधी रंगाचा डबा उघडला नव्हता. ही एकदाच काय ती चिठ्ठीशिवाय रंगवली, आणि त्याचं काय झालं ते दोघांनीही बघितलं होतं. पण असला मजकूर बाईंनी आजवर कुणाला सांगितला नव्हता. शिंप्याच्या दुकानातसुद्धा तो विचारत नसत.

शेवटी बाईंनी डोळे मिटले.

"चाळिशी उलटलेली आहे," त्या हळूच म्हणाल्या. "भुवया फिक्या. उजवी जराशी खाली."

पेंटर काढू लागले. "पुढे?"

"आत्ताच बाहेरून आलीय. दिवा लावायचाय, पण लावत नाहीये. पुरता अंधार नाही झालेला, आणि उजेडही नाही. तिला ते आवडतं."

"वाट बघतेय कुणाची?"

"नाही. लोकांना तसं वाटतं. ती नुसती बसलीय."

ब्रश रेझिनवर ऐकू न येण्याइतका हलका फिरत होता. "तूच का गं ही?"

"नाही हो. मी नाही, माझ्या नात्यातली नाही, कुणीच नाही. मी नसेन तेव्हाही ही अशीच बसलेली असेल, एवढंच मला माहीत आहे." बोलताना बाईंना आपलंच नवल वाटत होतं. जो चेहरा अकरा महिने हाताला लागत नव्हता, तो तोंडानं सांगायला लागल्यावर जागचा हलत नव्हता.

"ओठ राहिले," पेंटर म्हणाले. "हसते का?"

बाईंनी विचार केला. "आत्ता नाही. मघाशी हसून झालंय तिचं."

पेंटरांनी ब्रश उचलून धरला. बाहुलीकडे नाही, बाईंकडे बघितलं, चांगलं निरखून, एखादी पाटी आपण इतकी वर्षं नीट वाचलीच नव्हती अशा चेहऱ्यानं. मग खाली वाकून त्यांनी ओठांचा डावा कोपरा काढला.

बाईंनी डोळे उघडले. समोर ती होती. पहाटेची, बसच्या काचेतली, तीच. काही वेळापूर्वी हसून झालेली, आणि आता आपल्याच नादात बसलेली. बाईंच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं आणि त्यांना ते पुसायचंही सुचेना.

"रडू नकोस ना," मान वर न करता पेंटर म्हणाले. "एक कोपरा राहिलाय अजून, आणि माझा हात हलायला लागलाय."