पिकू दिलेला मोतीबिंदू

गुळाच्या सौद्यात माणसाची पत त्याच्या डोळ्यावर असते. रवा, म्हणजे गुळाची ढेप, फोडायचा, आतला रंग बघायचा आणि बोली लावायची. मी उभी हयात हेच केलं. अलीकडची काही सालं तर सगळ्या गुळाला एकच शब्द वापरला: "काळपट."

गारगोटीकडचा एक शेतकरी कळवळून म्हणाला, "पावणं, सोन्यागत हाय की ओ." त्याला मी रंग कशाला म्हणतात ते समजावून सांगितलं. मी नाकारलेला रवा शेजारच्या गाळ्याचा व्यापारी मुकाट्यानं उचलायचा. मला त्याची कीव यायची. घरी धोब्याशी भांडलो, भिंत मळकी रंगवली म्हणून रंगाऱ्याला पिटाळलं. सगळं कोल्हापूर मळलं होतं, स्वच्छ तेवढा मी.

एकदा त्या शेजाऱ्यानंच माझ्या डोळ्यात डोकावून सांगितलं, "मोतीबिंदू हाय. घाई करू नका, पिकू दे की."

माल पिकायची वाट बघणं व्यापाऱ्याला पटतंच. मी थांबलो. शेवटी मुलगा म्हणाला, "दादा, उद्यापासनं सौद्याला मी जातो." गादी जातेय म्हटल्यावर मी डोळ्याच्या डॉक्टरीणबाईंकडं पळालो.

"काका, हा काय आंबा हाय?" त्या म्हणाल्या. "जास्त पिकला की काढायला अवघड."

मग त्यांनी समजावलं. डोळ्यावर पडदाबिडदा काही येत नाही; आतलं भिंगच पिवळट, गढूळ होतं. बारीक छेद घ्यायचा, भिंगाचा चुरा करून ओढून घ्यायचा आणि तिथं नवं बसवायचं.

"जुनं परत देता काय?"

"चुऱ्याचं काय करणार?"

सवयीनं विचारलं होतं.

उजवा डोळा झाला. दुसऱ्या दिवशी पट्टी निघाली, तर घरची भिंत पांढरीशुभ्र. मुलानं गुळाचा खडा पुढं धरला. उजव्या डोळ्यानं सोनं, डाव्यानं काळपट. खडा तोच. खात्रीसाठी खाऊन टाकला.

संध्याकाळी शेजारी शहाळं घेऊन भेटायला आला. मी सोन्याची हकिगत सांगितली. त्यानं शहाळं या हातातनं त्या हातात घेतलं.

"बरं झालं," तो म्हणाला. "पर दुसऱ्या डोळ्याची घाई करू नका. पिकू दे की."

खोटं कशाला सांगू, मला ते पटायलाच लागलं होतं. तेवढ्यात आतून मुलानं शेजाऱ्याला ऐकवलं, "काका, दुसऱ्याची तारीख घेतलीया."

आजवर माझे रवे उचलणाऱ्यानं जाताना शहाळं तेवढं ठेवलं.