स्वयंपाकघरातली खुर्ची आणि कमरेचं पिस्तूल

सिकॅमोर ओढ्याच्या घळीत जन्मलेल्या माणसाचे पहिले आणि शेवटचे केस आर्डिथ स्टॉलकपच्या हातूनच कापले जायचे. मधले त्यानं शहरात कुठंही कापून घ्यावेत. बाळ वर्षाचं झालं की आई त्याला कडेवर घेऊन आर्डिथबाईंच्या स्वयंपाकघरात यायची. आणि घळीतलं कुणी गेलं की दफनघराचा मालक बाईंना फोन करायचा. मग बाई कात्री आणि कंगवा पिशवीत घालून निघायच्या, आणि त्या माणसाचा भांग तो जिवंतपणी जसा पाडायचा तसाच पाडून यायच्या. कुणाचा भोवरा कुठं आहे, कुणाच्या कानामागं लहानपणीची खूण आहे, हे त्यांना पाठ होतं.

खुर्ची त्यांच्या नवऱ्यानं, हॉलिसनं केलेली. लाल ओकची, एका पायाखाली पाचर. ती पूर्वेच्या खिडकीशी असायची. माणूस तीत बसला की समोर डोंगर, मागं बाई. मानेवरचे केस वस्तऱ्यानं साफ करायचे असले की बाई त्याचं डोकं आपल्या पोटाशी घट्ट धरायच्या. लहानथोर सगळ्यांचं. मिसुरडं फुटलेली पोरं लाजायची आणि म्हातारे डोळे मिटून घ्यायचे. एकोणचाळीस वर्षं त्या खुर्चीत माणसं बसली, डोंगराकडं बघत नको नको ते बोलून गेली, आणि त्यातला एक शब्द फाटकाबाहेर गेला नाही.

फाटकाची एक रीत होती. येणाऱ्यानं फाटकाशी गाडी थांबवायची, दोनदा हॉर्न वाजवायचा आणि बसून राहायचं. घरातलं माणूस ओसरीवर येऊन हात वर करी, मगच फाटक उघडायचं. यामागं भीती नव्हती असं नाही. आर्कान्साच्या या डोंगरात दाराच्या वर लांब बंदूक नाही असं घर सापडायचं नाही, आणि येणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. बाईंच्याही दारावर होती. कोंबड्यांच्या खुराड्यात साप शिरला की त्या ती काढायच्या, काम करायच्या, पुसून परत ठेवायच्या. पण हॉलिसचं पिस्तूल मात्र तो गेल्यापासून लोखंडी पेटीत पडून होतं. बाईंच्या मनात हिशेब सरळ होता. लांब बंदूक सापासाठी, पिस्तूल माणसासाठी.

मार्च महिन्यात, भर दुपारी, मैलभर खालच्या हर्शेल बिग्जच्या घरात कुणीतरी शिरलं. हर्शेल आरामखुर्चीत बसून बेसबॉल बघत होता. दुखणं थांबवायच्या त्याच्या गोळ्यांसाठी चोरानं त्याचे दोन्ही हात मोडले. शेरीफचा माणूस यायला चाळीस मिनिटं लागली. बाई दवाखान्यात जाऊन त्याची दाढी करून आल्या.

तुल्साहून त्यांच्या मुलीचा, रेनेचा फोन आला.

“आई, बाबांचं पिस्तूल कमरेला लाव. पेटीत नाही, कमरेला. उठल्यापासून निजेपर्यंत.”

“अंडी गोळा करतानासुद्धा?”

“करतानासुद्धा.”

“कोंबड्यांना वाटेल मी अंडी लुटायला आले.”

“चेष्टा नको करूस, आई. हर्शेलकाकांची बंदूक दारावरच होती. सहा पावलांवर. ते खुर्चीतून उठले पण नाहीत.”

त्या म्हणाल्या, “बघते.”

आर्डिथबाईंचं ‘बघते’ म्हणजे टाळणं नव्हे. नवी कात्री आली तरी त्या ती तीन आठवडे वापरून बघायच्या, मग ठेवायच्या किंवा परत करायच्या. तसंच त्यांनी पिस्तूल काढलं, तेल दिलं, आणि तळ्याच्या बांधावर सहा डबे मांडले. सहाच्या सहा उडाले. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, चष्म्यातून. तेव्हा नेमाचा प्रश्नच नव्हता. प्रश्न ते रोज अंगावर वागवायचा होता. हॉलिसची चामडी खोळ त्यांनी उजव्या कमरेला लावली, वरून एप्रन बांधला आणि तीन आठवडे मोजायला लागल्या.

पहिल्या आठवड्यात ते नुसतं टोचलं. पीठ मळताना ओट्यावर आपटायचं, गाजराच्या वाफ्यात बसलं की पोटात रुतायचं. दुसऱ्या आठवड्यात मात्र एक गोष्ट घडली. परक्या नंबराची एक गाडी फाटकापाशी येऊन थांबली. हॉर्न नाही. आत दोघं होते, काच वर. बाई ओसरीवर गेल्या आणि एप्रन बाजूला सारून उभ्या राहिल्या. गाडी थोडा वेळ तशीच थांबली, मग मागं वळून गेली. वाट चुकलेले असतील, नसतीलही. पण आपण ओसरीवरून मागं सरलो नाही, हे बाईंनी प्रामाणिकपणे मनात नोंदवलं. संध्याकाळी रेनेला सांगितलंही. रेने फोनवर रडली.

त्याच आठवड्यात नोव्हा ली आली. नोव्हा ली म्हणजे बाईंची शाळेपासूनची मैत्रीण, दर दुसऱ्या मंगळवारी केस धुवून रोलरवर गुंडाळून घेणारी.

“काय गं आर्डी, अशी तिरकी मिठी का मारतेस? मला काय खरूज झालीय?”

“उजवीकडं हॉलिसचं पिस्तूल आहे.”

“मग सरळ मार की. हॉलिसची भीती मला नव्हती, त्याच्या पिस्तुलाची कशी वाटेल?”

दोघी हसल्या. पण केस गुंडाळताना खोळ दर खेपेला नोव्हा लीच्या कोपराला लागायची, आणि ती दर खेपेला अंग चोरायची. निघताना दारात थांबून ती म्हणाली, “आर्डी, मी आज तासभर बसले आणि सगळं पावसापाण्याचंच बोलले. तुझ्या लक्षात आलं का?”

आलं होतं. बाकीचेही पावसापाण्याचंच बोलून जात होते.

आता इकडंही खरं होतं आणि तिकडंही. हर्शेलचे मोडलेले हात खरे होते, आणि खुर्चीतली ही मुकी माणसंही खरी होती. बाई कुणाला विचारायला गेल्या नाहीत. तीन आठवडे पुरे होऊ दे, म्हणाल्या.

शेवटच्या गुरुवारी, दुपारी दोनच्या सुमारास, बाई ओट्याशी शेंगा सोलत होत्या. हॉर्न वाजला नव्हता. तरी ओसरीच्या पायरीवर पाऊल वाजलं.

हात आपोआप कमरेला गेला. जाळीच्या दाराबाहेर एक काटकुळा माणूस उभा होता. केस खांद्यापर्यंत, गालावर फोड.

“कोण?”

“मी डस्टी. बोनिटा रेनबोल्टचा.”

बाईंनी बोटं खोळीवरून काढली नाहीत. चौतीस वर्षांच्या डस्टीबद्दल घळीत एकच बोलणं होतं: गोळ्यांच्या नादात ट्रक विकला, आईचं घर विकायला निघाला, आणि हर्शेलच्या घरात शिरणारा तोच. त्याची आई बोनिटा मंगळवारी गेली होती. शुक्रवारी तिला माती द्यायची होती, आणि तिचे केस बाईच विंचरणार होत्या.

“फाटकाशी थांबला का नाहीस?”

“गाडी नाही, आर्डिथबाई. हॉर्न कशाचा वाजवू?”

“तोंड आहे ना? तुझा आजा कडेच्या रस्त्यावरून हाक मारायचा, ती पलीकडच्या डोंगरावर ऐकू जायची.”

“मारली असती. पण माझी हाक आली की हल्ली लोक आतून कडी लावतात.” तो पायरीवरच उभा होता. “उद्या आईपुढं असा नको वाटतो. केस कापाल का?”

बाईंनी बोटं खोळीवरून काढली. मग त्यांनी जाळीचं दार उघडलं. “पाय पूस,” म्हणाल्या.

त्यांनी त्याच्या गळ्याभोवती चादर बांधली आणि डाव्या बाजूनं सुरुवात केली. केसांना आठवडाभराच्या धुराचा आणि घामाचा वास होता. त्यांनी ते भिजवले, विंचरले, कापले. मग उजव्या बाजूला आल्या, आणि तिथं त्यांना ते दिसलं. चादरीखालचा त्याचा हात आणि पिस्तुलाची मूठ यांत वीतभराचंही अंतर नव्हतं. खोळ बरोबर बसलेल्या माणसाच्या हाताच्या उंचीवर येत होती. नोव्हा लीच्या वेळीही तशीच आली असणार. एकोणचाळीस वर्षं माणसांच्या अंगाला अंग लावून काम करणाऱ्या बाईला हे तीन आठवडे सुचलं नव्हतं.

डस्टीलाही ते कळलं असावं. त्यानं दोन्ही हात चादरीबाहेर काढले, तळवे वर करून गुडघ्यांवर ठेवले आणि तसेच ठेवले.

“आर्डिथबाई, माझी भीती वाटते तुम्हाला?”

“वाटते,” बाई म्हणाल्या. कात्री थांबली नाही.

“बरं झालं, खरं बोललात. दुकानात म्हणतात, छे रे डस्टी, तुझी कसली भीती, आणि गल्ल्यावर हात ठेवतात.”

“हर्शेलचे हात तू मोडलेस?”

“नाही. त्या दिवशी मी आईच्या उशाशी होतो, दवाखान्यात. सकाळपासून रात्रीपर्यंत. नर्सला विचारा.” तो डोंगराकडं बघत राहिला. “मला कुणी विचारलंच नाही.”

कात्री ठेवून बाईंनी वस्तरा घेतला. आता मान साफ करायची होती, आणि त्यासाठी डोकं पोटाशी धरायला हवं होतं. कमरेला ते असताना धरता येत नव्हतं. धरलं तर मूठ थेट त्याच्या कानाशी येत होती.

“हलू नकोस,” त्या म्हणाल्या, आणि आतल्या खोलीत गेल्या.

त्यांनी खोळ सोडली, पिस्तूल लोखंडी पेटीत ठेवलं, किल्ली फिरवली. परत येताना त्यांनी पावलं मोजली. पेटीपासून खुर्चीपर्यंत अकरा. हर्शेलला सहा होती. बाई काही भोळ्या नव्हत्या. आपण काय करतोय ते त्यांना पुरतं माहीत होतं. त्यांनी वस्तरा चामड्याच्या पट्ट्यावर दोनदा घासला. मग डस्टीचं डोकं पोटाशी घट्ट धरलं आणि मानेवरून पहिली ओढ ओढली.

भोवरा डावीकडं होता. बोनिटासारखाच.

अर्ध्या मानेपर्यंत आल्यावर तो दबक्या आवाजात म्हणाला, “आई भांग उजवीकडं पाडायची. ते दफनघरवाले मधोमध पाडतात सगळ्यांचा.”

“माहीत आहे रे मला,” बाई म्हणाल्या. “हलू नकोस म्हटलं ना.”

तो हलत नव्हता. त्याचे खांदे हलत होते. बाईंनी वस्तरा दूर धरला, आणि खांदे थांबेपर्यंत डोकं तसंच धरून ठेवलं.

शुक्रवारी बोनिटाचा भांग उजवीकडं पडला. रविवारी बाईंनी रेनेला फोन लावला.

“तीन आठवडे झाले. पिस्तूल कमरेला लावणार नाही.”

“आई!”

“ऐकून घे. तू म्हणतेस ते खोटं नाही. त्या दोघांच्या गाडीपुढं मी ताठ उभी राहिले ती त्याच्याच जोरावर. पण खुर्चीत बसलेल्या प्रत्येकाच्या हाताशी मी ते नेऊन ठेवत होते. आणि खुर्ची मी बंद करणार नाही.”

“मग लोक गेल्यावर लाव. एकटी असताना.”

“लोक कधी येतील याचं वेळापत्रक आहे का? यायचं माणूस येतंच, आणि ते आलं की मला दोन्ही बाजू मोकळ्या लागतात.”

“आणि तुला काही झालं तर?”

“तर तू माझ्यावर रागावशील. तो तुझा हक्क आहे.”

“तेव्हा रागावून काय उपयोग?”

“म्हणून आत्ताच रागाव. मी ऐकतेय.”

रेने रागावली. चांगली पंधरा मिनिटं रागावली. शेवटी रेने थकून म्हणाली, “निदान त्या पेटीची किल्ली खिशात ठेव.”

“ठेवते,” बाई म्हणाल्या. ती त्यांनी ठेवलीही, मरेपर्यंत.

आणखी एक काम त्यांनी केलं. खळ्यामागं पडलेली नांगराची एक गंजकी तबकडी घासली, साखळीनं फाटकाच्या खांबाला टांगली आणि दोरीला एक बोल्ट बांधून ठेवला. ज्याला हॉर्न नाही त्यानं या घळीत कसं यावं, याचा विचार इतकी वर्षं कुणी केलाच नव्हता. पहिला टोला नोव्हा लीनं दिला, गाडीतून उतरून, मुद्दाम. “चर्च सुरू केलंस का गं?” ती फाटकातूनच ओरडली. त्या दिवशी ती दोन तास बसली, आणि पावसाबद्दल एक शब्द बोलली नाही.

मग मे महिन्यात, एका दुपारी, तबकडी वाजली. एकच टोला, हलका. बाई ओट्याशी होत्या. हात सवयीनं कमरेला गेला. तिथं कंगवा होता, एप्रनच्या खिशात खोचलेला.

त्या ओसरीवर आल्या. फाटकापाशी माणूस उभा होता, पायी आलेला, टोपी घातलेला. ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं. तिथून त्याचा चेहरा दिसत नव्हता. बाईंनी डोळ्यांवर तळवा धरून पाहिलं, तरी ओळख पटेना. आतली पेटी आता अकराच्याही पलीकडं, सोळा-सतरा पावलं असेल.

तो रीतीप्रमाणं थांबून होता.

आर्डिथबाईंनी हात वर केला.