मावशीच्या बाई झाल्या

पाळणाघरात तिला सगळे मावशीच म्हणत. एकवीस वर्षं तिनं तान्ही पोरं सांभाळली. दूध पाजायचं, लंगोट बदलायचे, खांद्यावर टाकून थोपटायचं. तिच्या प्रत्येक साडीच्या डाव्या खांद्याला दुधाचा वास यायचा.

मग पाळणाघराचं बालशिक्षण केंद्र झालं. संचालिकेनं तिला बोलावून घेतलं. "मावशी, आता नुसतं सांभाळून भागणार नाही. वर्षभराचं प्रशिक्षण घ्या, नाहीतर तुम्हाला ठेवता येणार नाही."

"एकावन्नाव्या वर्षी शाळेत जाऊ?"

"जा की. आपल्याकडे दीड वर्षाची पोरं येतात, दोन दिवस रडतात आणि रुळतात."

ती गेली. वर्गातल्या मुली तिच्या लेकीच्या वयाच्या. पहिल्याच दिवशी शिपाई म्हणाला, "पालकांची सभा उद्या आहे." मुली हसल्या, तीही हसली आणि वही उघडून बसली.

पहिला गृहपाठ असा होता: एका मुलाकडे वीस मिनिटं नुसतं पाहायचं. बोलायचं नाही, हात लावायचा नाही, दिसेल ते लिहायचं. तिनं केंद्रातलीच तीन वर्षांची एक मुलगी निवडली. रोज पाणी सांडते म्हणून तिला सगळे सांडलवंड म्हणत, आणि मावशी रोज तिच्या हातातला पेला काढून घेई. त्या दिवशी गृहपाठामुळे मावशीला उठता येईना. पोरगी उंच पेल्यातलं पाणी पसरट वाटीत ओतत होती, पुन्हा पेल्यात, पुन्हा वाटीत, आणि दर वेळी थांबून वाकून बघत होती. मावशीनं लिहिलं, 'पाणी तेवढंच राहतं का, हे ती तपासते आहे.' आजवर आपण किती पेले असे काढून घेतले असतील!

ती चांगल्या गुणांनी पास झाली. मोठ्या गटाची बाई झाली. आईवडील आता तिचा सल्ला विचारू लागले. काम तिला आवडलं, खोटं कशाला सांगा? पण चार वर्षांची पोरं मांडीवर टिकत नाहीत, हातातून निसटून पळतात. तान्ह्यांची खोली व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला गेली. फळ्यावर चित्र काढता काढता तिचे हात मध्येच थांबत. त्यांना ते वजन हवं असे, झोपेनं जड झालेलं, गरम.

शेवटी ती संचालिकेकडे गेली. "मला तान्ह्यांत घाला."

"बाई, तुम्ही आता शिक्षिका. ते सांभाळण्याचं काम."

"खांद्यावरचं पोर काही शिकत नाही, असं वाटतं तुम्हाला?"

तिनं चार पानं लिहून दिली. सात महिन्यांचं मूल आवाज कसा ओळखतं, माणूस गेला तरी परत येतो हे कसं शिकतं. संचालिकेनं दोनदा वाचली. "पटतंय मला. पण त्या खोलीत शिक्षिकेचं पद मंजूर नाही. वर लिहून बघते."

त्याला दोन वर्षं झाली. उत्तर आलेलं नाही. मधल्या सुट्टीत ती डबा घेऊन त्या खोलीबाहेरच्या बाकावर बसते. आत कुणीतरी रडत असतं. ती उठायला लागते, तेवढ्यात रडणं थांबतं, दुसऱ्याच कुणीतरी उचललेलं असतं.