शुक्रवारी थंड राहिलेली शेगडी

वीस वर्षांपूर्वी नोएमी पालिकेत टायपिस्ट म्हणून चिकटली. उपग्रहाचे नकाशे वाचायला ती आपली आपणच शिकली, कारण मेक्सिकोतल्या मोंतेर्रेयजवळच्या त्यांच्या सान हासिंतो गावात ते दुसरं कुणी उघडतच नव्हतं. रोज दुपारी दीडच्या सुमारास उपग्रह डोक्यावरून जाई, संध्याकाळपर्यंत हवेतल्या प्रदूषणाचा नकाशा येई. पश्चिमेच्या कारखान्याकडे लाल डाग कायमचा.

"रविवारी कारखान्याला सुट्टी, तरी लालच!" पालिकेचे प्रमुख त्रेविन्योसाहेब म्हणाले. "रविवारी गावभर मांस भाजतात. दोष शेगड्यांचा. बंदी घालू!"

घ्या! कारखान्याला जाब विचारायची छाती नाही, आणि निघाले लोकांच्या शेगड्या विझवायला. नोएमीच्या अंगाचा तिळपापड झाला. आई गेल्यापासून तिच्या बाबांचा, डॉन एव्हेरार्दोंचा, सगळा जीव रविवारच्या शेगडीत. पहिला तुकडा ते आईच्या नावाने बाजूला काढत, मग गल्ली जमे, म्हातारा हसे. तेही गेलं तर बाबा अंथरूण धरतील, याची तिला धास्ती वाटे.

विचार करता करता तिला गुड फ्रायडे आठवला. त्या दिवशी कारखान्याला सुट्टी, आणि उपास म्हणून गावात मांसाला कुणी शिवत नाही. एक बाबा सोडून.

"बाबा, शुक्रवारी शेगडी पेटवायची नाही."

"पन्नास वर्षं मी उपास धरला नाही, आता त्या वरच्या चुगलखोर उपग्रहासाठी धरू?"

"त्याला तुमची एक शेगडी दिसायची नाही हो! पण साहेबांचा मेहुणा समोरच राहतो, त्याला बरोब्बर दिसेल. मग साहेब म्हणतील, शेगड्या पेटल्याच होत्या."

शुक्रवारी सकाळपासून ढग. ढग असले की उपग्रह आंधळा. बाबा मसुराचं सूप आणि निवडुंगाची भाजी पुढ्यात घेऊन एरंडेल प्यायल्यासारखं तोंड करून बसले. एक वाजला, तरी ढग हलेनात. सव्वाला वारा सुटला आणि टेबलावर ऊन पडलं.

"बाबा, आभाळ मोकळं झालं!" नोएमी अंगणात लहान पोरीसारखी नाचली.

संध्याकाळी नकाशा आला. गावात एक शेगडी पेटलेली नाही, आणि कारखान्यावरचा डाग तस्साच, लालभडक! सोमवारी तिने तो पालिकेच्या बैठकीत टेबलावर पसरला. साहेबांनी चष्मा दोनदा पुसला.

"भट्टी सुट्टीलाही चालू असते वाटतं," ते पुटपुटले. बंदी बारगळली, नोटीस गेली कारखान्याला.

पुढच्या रविवारी साहेब मेहुण्यासोबत परातभर मांस घेऊन दारात हजर.

"या साहेब," बाबा म्हणाले, "लाज बाहेर ठेवा, परात आत आणा!"

सगळी गल्ली खो खो हसली. दीड वाजता बाबांनी चिमटा आभाळाकडे उंचावला. "काय रे चुगलखोरा, येतोय का वास?"

मग त्यांनी भाजलेला पहिला तुकडा उचलला आणि नोएमीच्या ताटात टाकला.

"अहो बाबा, हा आईचा ना?"

"तीच म्हणाली, आज पोरीला द्या."