पहिल्या हाकेला

आमचे कवायतमास्तर दुसऱ्याला मारलेल्या हाकेलाही ओ देत. थट्टा नाही. नांदेडच्या शाळेत आम्ही शिक्षकांच्या खोलीत बसलेले असायचो. पटांगणात कुणी कुणाला हाक मारली की मास्तर चहाची कपबशी खाली ठेवून ‘ओ’ म्हणत उभे! “अहो, तुम्हाला नाही हो,” म्हटलं की खाली बसत. “नसंल. पण ओ द्यायला काय कापूस इकावा लागतो?” ते हदगावकडचे, शेतकरी घरातले, त्यांच्या बोलण्यात कापूस कुठूनही निघायचा. पोरं त्यांना ‘ओमास्तर’ म्हणत. मी लातूरहून नुकताच आलेलो, मलाही हसू यायचं.

निजामाचं राज्य होतं. कवायतीचे हुकूम उर्दूत, पण मास्तरांच्या तोंडून उर्दूसुद्धा हदगावची होऊन बाहेर पडे. हिवाळ्यात ते पोरांचा तळ घेऊन डोंगरावर जात. रेल्वेनं किनवटला उतरायचं, जंगलातून चढत राहायचं, की वर गवताचं उघडंबोडकं पठार. आणि वारा म्हणजे काय वारा! पौषात तोंडातला घास उडवून नेईल असा. मास्तर स्वतः मोगरी घेऊन राहुटीची एकेक मेख ठोकत. “जोरात हाणा. वारा काय पाव्हणा हाय का, बसा म्हणलं की बसायला?” दरवर्षी तेच पठार. जवळ दुसऱ्या बऱ्या जागा होत्या, तिथं पाणीही जवळ होतं. मी एकदा सुचवून पाहिलं. त्यांनी ऐकलंच नाही.

तळावर त्यांचा नियम एकच. पहिल्या हाकेला ओ द्यायची. ऐकायला सोपा, पण आमच्याकडे कुठल्या आईनं पोराला उलटं शिकवलेलं नाही? रानात, माळावर एकटी हाक आली तर गप्प बसायचं. माणूस असेल तर तीनदा हाक मारील. ‘ते’ एकदाच मारतं, आणि त्याला ओ दिली की माणूस गेला. मी शिकलासवरलेला, पण मीही हे पाळत होतो. पोरं मास्तरांना तोंडावर ‘हो, हो’ म्हणत आणि आईचं ऐकत.

एका वर्षी आमच्याबरोबर देवणीचे दिगंबरराव होते, गणित शिकवणारे. दुपारनंतर वारा असा उठला की स्वयंपाकाच्या तंबूची कनात सुटून गेली. दिगंबरराव तिच्यामागे धावले. आम्ही बाकीचे मोठ्या राहुटीत दाटीवाटीनं भाकरी खात होतो. तेवढ्यात हाक आली. एकच. कुणाचं नाव नाही, नुसती “अहोऽऽ”. पोरांचे हात ताटात थांबले. आमचा आचारी म्हणाला, “गप ऱ्हावा. दुसरी येऊ द्या.” आम्ही सगळे राहिलो की गप!

मास्तर मात्र “ओ! आलो, आलो!” असं ओरडत बाहेर. त्यांच्यामागून मग आम्ही. कड्याच्या तोंडाशी दिगंबरराव पालथे पडलेले, पाय खाली लोंबत होते, दोन्ही मुठींत गवत. दुसरी हाक मारायला छातीत वाराच उरला नव्हता. मास्तरांनी आडवं पडून त्यांचे दंड धरले, आम्ही मास्तरांचे पाय. ओढून काढलं बाबा कसंबसं.

शाबासकी द्यायला गेलो तर मास्तरांनी हातानंच थांबवलं. पोरांना लांब पाठवून मला आणि दिगंबररावांना म्हणाले, “दुसरी हाक मारायची ताकद सगळ्यांत ऱ्हात न्हाई, गुरुजी. माझा धाकटा भाऊ, बारा-तेरा वर्साचा. हितंच गुरं चारायला आलतो आम्ही. असाच वारा. एकदाच वरडला. मी आईचं ऐकलं. दुसरीची वाट बघत बसलो.”

“सापडला?” दिगंबररावांनी विचारलं.

“न्हाई. अजून वाट बघून राहिलो.”

तेव्हा कळलं, हा माणूस आम्हाला दरवर्षी तिथंच का नेतो. त्यानंतर मी त्यांना कधी हसलो नाही.

पुढं रझाकारांचे दिवस आले. रानात चार माणसं जमली तरी जाब द्यावा लागे. शाळेचा तळ बंद झाला. मास्तर एकटेच जाऊ लागले, एक राहुटी पाठीला बांधून. त्यांच्या बायकोनं हात जोडले, आम्ही भांडलो, ऐकतो कोण? एका हिवाळ्यात ते खाली उतरलेच नाहीत.

दिगंबरराव आणि मी शोधायला गेलो. वारा घोंघावत होता. राहुटी जागच्या जागी, एक मेख ढिली नाही. आत फडक्यात भाकरी होती, वाळलेली. सगळं पठार पालथं घातलं, कडे पाहिले, घसा बसेपर्यंत हाका मारल्या. शेवटी उन्हं कलल्यावर जड पायांनी परत फिरलो.

उतार लागला आणि पाठीमागून हाक आली. एकच.

दिगंबररावांनी माझा हात गच्च धरला. “गुरुजी, नका.” पहिल्या हाकेवर जीव वाचलेला माणूस मला नका म्हणत होता! मी तरी काय, मलाही घरची लहान मुलगी आठवली. दुसरी हाक येते का, म्हणून आम्ही दोघेही उभे राहिलो. मग दिगंबररावांनीच माझा हात सोडला, मागं वळले आणि जिवाच्या आकांतानं ओरडले, “ओऽऽ! आलोऽऽ!” आम्ही धावत वर गेलो.

वर कुणी नव्हतं. दिसेनासं होईपर्यंत शोधलं.

किनवटच्या स्टेशनात गाडीत बसलो. नांदेड जवळ आल्यावर दिगंबररावांनी विचारलं, “मास्तरच होते ना हो ते?”

“असतील,” मी म्हणालो.

आवाज बारा-तेरा वर्षांच्या पोराचा होता.