भिंतीवरचा थोरला

कसलाही कार्यक्रम असला की आधी व्हर्ना मावशीला उभं करायचं, ही त्या नदीकाठच्या गावची रीतच पडून गेली होती. शाळेची नवी खोली असो की पाण्याची टाकी. गोरे यायच्या आधीपासून इथं राहणाऱ्या मूळच्या माणसानं ‘या आमच्या भूमीवर’ म्हणायचं, मग बाकीच्यांनी भाषणं ठोकायची. पोरवयात ह्याच गावच्या पोहायच्या तलावात तिला पाय बुडवू देत नव्हते. पुढं कापसाच्या रानात खुरपणी करकरून तिनं पाच पोरं वाढवली. आता सारा गाव तिला मावशी म्हणायचा, दार उघडून धरायचा, आणि ती सांगेल ते ह्या कानानं ऐकून त्या कानानं सोडून द्यायचा. मूळच्या लोकांच्या दफनभूमीत एक नळ द्या म्हणून तिची जीभ झिजली. नळ काही आला नाही.

उन्हाळा सरता सरता तिचा थोरला भाऊ गेला. त्याचं नाव इथंही घ्यायचं नाही. शोक पुरा होईतो गेलेल्याचं नाव उच्चारायचं नसतं, तोंड चित्रातसुद्धा बघायचं नसतं. त्याला वाटेला लागू द्यायचं असतं. व्हर्नानं निलगिरीचा पाला जाळून घराला धुरी दिली, त्याचे फोटो भिंतीवरनं उतरवून ठेवले आणि ‘थोरला’ एवढंच म्हणू लागली.

थंडीत मूळच्या लोकांच्या सन्मानाचा आठवडा आला. बागेत मेळा भरला. फिलिपिनी नर्सबायांचा भात, शिखांचे छोले, व्हर्नाचं कांगारूच्या शेपटीचं कालवण. वाचनालयाच्या भिंतीवर नवं चित्र, त्यावर हा भलामोठा पडदा, मंत्र्याच्या हातानं उघडायचा. व्हर्ना पातेलं ढवळत होती, तोच एका नर्सबाईनं येऊन तिला मिठी मारली.

"भाग्यवान आहात हो मावशी! भावाचा चेहरा आता रोज दिसेल भिंतीवर."

डाव पातेल्यातच राहिला. व्हर्ना तडक नगरपालिकेच्या हेदरकडं गेली.

"त्यो पडदा उघडायचा न्हाई."

"असं काय करता मावशी? तुमच्यासाठी सरप्राइज होतं!"

"माणूस जाऊन वरीस न्हाई झालं आन् त्याचं तोंड भितीवर? कुणाला इचारलंस?"

"विचारलं की! त्यांच्या मुलीला, कार्लीनला. तिनंच तर फोटो दिला."

आता बोलायचं कुणाला? कार्लीन मागंच उभी होती.

"आत्ती, माझा बाप हाय त्यो."

"आन् माझा कोण? पाव्हणा? अशा गोष्टीत लेक एकटी हो कशी म्हणती गं? चुलत्याला इचारलंस? मला इचारलंस?"

"लोक इसरतील त्याला! जित्तेपणी कुणी पुसलं न्हाई, आता भित देत्यात तर—"

"आगं, अजून वाटंला लागला न्हाई त्यो, आन् तू त्याला चुन्यात लिंपून ठेवतीस!"

हेदर घड्याळाकडं बघत होती. "मंत्री आलेत, मावशी. कॅमेरेवाले आलेत. आपण तुमच्या संस्कृतीचा सन्मानच करतोय ना?"

"सन्मान करतीयास तर माझं ऐक."

"पुढच्या वर्षी नक्की आधी विचारू."

व्हर्नानं एक खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेली, पडद्याची दोरी ढुंगणाखाली घातली आणि बसली.

"वढ आता."

"आणि स्वागत?"

"हितनंच करते. या, बसा, जेवा. दोरीला हात लावू नगा."

मंत्री उठला. भाषण पाठ करून आलेला, थांबतोय कशाला? कर्ण्यातनं थोरल्याचं नाव आख्ख्या बागेत घुमलं. मूळच्या म्हाताऱ्या बाया माना खाली घालून चालू पडल्या. मंत्र्याला वाटलं, बाया गहिवरल्या. त्यानं नाव पुन्हा घेतलं, जरा मोठ्यानं.

बापाला माती दिल्यापासून कार्लीनच्याही कानावर ते नाव पडलं नव्हतं. ती धावली आणि कर्ण्याची वायर उपटली.

पडदा तसाच राहिला. मंत्री छोले खाऊन गेला. हेदर रडकुंडीला आली.

"मग उघडायचं तरी कधी?"

"सांगंन तवा."

"अंदाजे?"

व्हर्नानं दोरी आणखी आत सरकवली. हेदर खुर्च्या गोळा करायला गेली, तशी कार्लीन येऊन खाली गवतात बसली.

"आत्ती, आजून एक हाय. चित्र काढणाऱ्यानं कालच त्या चित्राचा फोटो मोबाइलवर टाकलाय. कुठं कुठं गेला आसंल."

व्हर्ना दोरीवरनं उठली नाही. "काढाय सांग त्याला."

"सकाळीच शहराकडं गेला. फोन उचलंना."

"परत लाव."

कार्लीननं लावला. तिकडं घंटी वाजून वाजून बंद पडली.

"परत," व्हर्ना म्हणाली.